दुसऱ्या नजरेचा रकाना

अमरावतीत मी खोली शोधत फिरले तेव्हा घरमालकांनी मला नाना प्रश्न विचारले. गाव कोणतं, वडील काय करतात, मैत्रिणी किती येतील, अंडी शिजवणार का. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं, आडनाव काय. ते सांगितलं की खोली बरोबर कालच गेलेली असायची. एका दिवसात माझ्या पाच खोल्या अशा 'कालच' गेल्या. सहाव्या फाटकाशी पोचले ती मी भांडायच्याच तयारीनं.

दार उघडलं ते पायजमा-बंडीतल्या एका उंच म्हाताऱ्यानं. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं नाही. फक्त डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चष्म्याचा नंबर काय वं तुया?"

"वजा चार."

"दोन्ही डोळ्यांचा?"

"हो."

"तिरपा नंबर?"

"नाही."

"मंग ठीक. ये राहाले."

मला वाटलं, माणूस ठार वेडा आहे. पण पाच खोल्यांचा राग डोक्यात होता, म्हणून मीच उलट विचारलं, "आडनाव नाही विचारलं तुमी?"

"कायले? आडनावानं तारे दिसतेत का?"

तेवढ्यात आतून एक बाईमाणूस ओरडलं, "अव माय, पोरीले आधी पाणी तं विचारा! नंबर कायले विचारता?" त्या काकू. अशी मी त्या घरात शिरले आणि फिजिक्सचं एमेस्सी होईपर्यंत वरच्या खोलीत राहिले.

गल्लीत त्यांना सगळे 'ग्रेडरसाहेब' म्हणत. फाटकावरच्या पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालं होतं आणि त्यांनी ते परत रंगवून घेतलं नव्हतं. मी काका म्हणायचे. जन्मभर त्यांनी कापसाची ग्रेड लावली होती. खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांचा कापूस यायचा, हे मूठभर उचलायचे, दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढून लांबी पाहायचे, पांढरेपणा पाहायचे, कवडी किती ते पाहायचे, म्हणजे किडीनं पिवळी पडलेली बोंडं, आणि ग्रेड सांगायचे. नोकरी सुटली, पण सवय कुठली सुटते! घरात पोहे आले तरी खिडकीशी नेऊन पाहायचे. चहा कसा झाला विचारलं तर 'चांगला' कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "कालच्याहून उजवा, परवाच्याहून डावा." भाजीवालीनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, हिरवागार आहे म्हटलं की हे परसातली काडी आणून शेजारी धरायचे. भाजीवालीनं शेवटी आमच्या फाटकाशी थांबणंच सोडलं. लग्नाच्या पंगतीत नवरा-नवरी कसे दिसतात असं कोणीतरी हौसेनं विचारलं, तर यांनी दोघांना दोन वेगळ्या ग्रेडी देऊन टाकल्या. काकू त्यानंतर त्यांना लग्नाला नेताना आधी शपथ घालायच्या.

पण हे सगळं वरवरचं. खरा वेडेपणा गच्चीवर होता.

गच्चीवर त्यांची दुर्बीण होती. आरसा स्वतः घासलेला, मागच्या पडवीत, दोन उन्हाळे. त्या दोन्ही उन्हाळ्यांत काकूंनी पापड दुसऱ्याच्या गच्चीवर वाळवले, कारण पडवीत पाऊल टाकलं की घासायची पूड उडते म्हणून हे अंगावर यायचे. नळी बनवली होती कूलरवाल्यानं. त्याच्याकडे उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून काका पावसाळ्यात त्याच्या दुकानात जाऊन बसले आणि पत्र्याची नळी वळवून घेतली. तिला रंगही कूलरचाच, तो पोपटी. खालून पाहणाऱ्याला वाटायचं, या घरानं कूलर उलटा बसवला आहे.

या पोपटी नळीतून ग्रेडरकाका फुटणारा तारा शोधत होते. एकच, पण स्वतःच्या डोळ्यानं, पहिल्यांदा. निवृत्त झाले त्या महिन्यापासून.

मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा दाखवला. म्हटलं, "काका, हे सुपरनोव्हा आम्हाले अभ्यासाले हायेत. सरांनी तीन तास शिकवले."

"मंग सांग काय समजलं थे."

मी सूत्र सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "हे पाय. समज, साऱ्या वऱ्हाडात घरोघरी एकाच नंबरचा बल्ब लागेल हाये. आता आपल्या गच्चीवरून बडनेऱ्याचा बल्ब पाह्य अन् मोर्शीचा पाह्य. कोणता लांब हाये, हे टेप न लावता सांगता येईन का नाही?"

"येईन. मंद दिसते थो लांबचा."

"बस. हे फुटणारे तारे म्हणजे थेच बल्ब. साऱ्या विश्वात एकाच ग्रेडचा माल. आता गंमत ऐक. लय लांबचे बल्ब पाहिले तं थे हिशोबापेक्षा मंद निंघाले. म्हणजे हिशोबापेक्षा लांब गेले. म्हणजे विश्व नुसतं फाकून नाही राहिलं, रोज जास्त जोरानं फाकून राहिलं!"

काकू पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "तिकडं एवढी जागा होऊन राहिली, अन् आपल्या सयपाकघरात दोन माणसं उभी राहत नाहीत."

सरांचे तीन तास त्या एका बल्बमध्ये बसले होते, हे मला त्या दिवशी कबूल करायला जड गेलं. मी एमेस्सीची, ते बारावी नापास. पण काकांना पुढचंही ठाऊक होतं. तारा मेल्यावर उरलेला गोळा शेजारच्या ताऱ्याचं ओढून ओढून खातो, एका ठरलेल्या वजनाला पोचतो आणि फुटतो. वजन ठरलेलं म्हणून उजेड ठरलेला. तोही अगदी ठरलेला नाही. जो हळूहळू विझतो तो थोडा जास्त उजेडाचा, झटपट विझतो तो कमी. म्हणून कोणत्या दिवशी किती उजेड होता याची नोंद लागते, आणि फुटल्यानंतरच्या चढत्या दिवसांची तर फार लागते, कारण ती क्वचितच कोणाकडे असते. "तारा पुरा पेटला का सारे पाह्याले येतेत," काका म्हणायचे, "चढताना कोण पाह्यते?"

लांबच्या ताऱ्यांचं माप जवळच्या ताऱ्यांवरून बसवतात, हे तर त्यांना फारच आवडायचं. कारण ते त्यांच्या धंद्यातलं होतं. केंद्रावर नमुन्याची पेटी असायची, लाकडी, कप्प्याकप्प्यांची, प्रत्येक कप्प्यात एका ग्रेडचा कापूस. आलेला माल त्याच्या शेजारी धरायचा आणि ठरवायचं. तसलीच एक जुनी रिकामी पेटी त्यांनी घरी आणली होती आणि तिच्यात आता दीर्घिकांची कार्डं होती. प्रत्येक कार्डावर दीर्घिकेचा पुसट डाग आणि तिच्या आसपासचे नेहमीचे तारे, ठिपक्यांनी, त्यांच्या हातचे. संध्याकाळी एकेक दीर्घिका पाहायची आणि कार्डाशी ताडायची. कार्डात नाही असा एखादा ठिपका आकाशात दिसला, तर तो तारा. आणि त्याचा उजेड किती? तोही कापसासारखाच ठरवायचा. या ठिपक्याहून उजवा, त्या ठिपक्याहून डावा.

या सगळ्यासाठी अंधार लागतो, आणि आमच्या गल्लीत नेमका महापालिकेचा दिवा आला. लोक दिवा लावा म्हणून अर्ज करतात, काकांनी दिवा काढा म्हणून केला. तिथल्या बाबूनं तो तीनदा वाचला आणि विचारलं, "काका, घरी सगळं ठीक हाये ना?" काका म्हणाले, "दिवा काढू नोका, फक्त त्याचा उजेड खाली पाडा. वर कायले पाह्यजे? वर कोणाले रस्ता ओलांडायचा हाये?" अर्ज कुठंतरी गडप झाला. मग काकांनी कूलरवाल्याकडून पत्र्याची एक टोपी बनवली आणि लाइनमनला चहा पाजून ती दिव्यावर बसवून घेतली. गल्लीत उजेड उलट वाढला. शेजारच्यांनी त्यांच्या बाजूच्या दिव्यालाही टोपी मागितली, तर हे म्हणाले, "आधी तुमचा दिवा पाहून सांगतो." मला हसू आवरेना.

आता दुसरी नजर सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे.

काकांच्या रजिस्टरात प्रत्येक नोंदीला दोन रकाने होते. पहिली नजर, दुसरी नजर. काकांनी काही वेगळं पाहिलं तर, आणि मुद्दाम कधी काही नसतानाही, ते कार्ड झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या माणसाला बोलवायचे. काय दिसलं, कुठं दिसलं, काही म्हणून सांगायचे नाहीत. दुसऱ्यानं दुर्बिणीत पाहायचं, दिसलं तेवढे ठिपके कोऱ्या कागदावर काढायचे आणि आपला रकाना आपल्या हातानं भरायचा. दोन्ही जुळलं तरच बाहेर कळवायचं. ही रीतही केंद्रावरचीच. दोन ग्रेडर, दोन वेगळे कागद, एकमेकांशी बोलायचं नाही. माझ्या आधी दुसरी नजर काकू होत्या, पण त्यांना मोतीबिंदू सुरू झाला होता. म्हणून तर भाडेकरूचा नंबर विचारायचा! नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून, दुर्बिणीचं बारकं चाक आपल्या डोळ्यापुरतं फिरवून घेता येतं. तिरपा नंबर चाकानं सुटत नाही. मला खोली मिळाली ती अशी.

"एकट्याची नजर म्हणजे अंदाज," हे त्यांचं पालुपद. मी एकदा म्हटलं, "काका, तुमी इतकी वर्षं पाहून राहिले. तुमची एकट्याची नजर पुरे ना."

त्यावर त्यांनी मला केंद्रावरची गोष्ट सांगितली. संध्याकाळची वेळ, माल लवकर उरकायचा होता, वर पिवळा बल्ब. एका शेतकऱ्याच्या कापसाला यांनी खालची ग्रेड लिहिली. दुसरा ग्रेडर नवा होता, यांना वचकून असायचा. त्यानं यांच्या कागदात डोकावून तीच ग्रेड लिहिली. सकाळी उन्हात त्या ढिगाकडे लक्ष गेलं तर कापूस पांढराशुभ्र. काका सायकलवर त्या माणसाचं गाव गाठून आले, माफी मागितली, ग्रेड बदलून घेतली, वरच्या साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. "चुकलो त्याचं मले नाही वाटत," ते म्हणाले. "माणूस हाये, चुकते. पण कागदावर दोन नजरा दिसत होत्या वं. होती एकच."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. म्हणून पुढचं सांगताना मला माझी बाजू घेता येत नाही.

होळी होऊन गेली होती. काकू प्रार्थनेला आणि सेवेला म्हणून चार दिवस मोझरीच्या आश्रमात गेल्या होत्या. माझ्याकडे कॉलेजच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि येताना गिला वडा घेऊन आल्या होत्या. दही ओतून झालं होतं, चटणी पडली होती, पहिला घास हातात होता आणि वरून हाक आली, "पोरी, वर ये जरा."

आवाज साधा. नेहमीसारखा. आज आठवते तेव्हा वाटतं, नको इतका साधा होता. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की दह्यातला वडा ठेवला की त्याचा लगदा होतो.

मी गेले. काका कठड्याशी उभे होते, दोन्ही हात बंडीच्या खिशात. कार्ड झाकलेलं. मी चष्मा डोक्यावर खोचला, डोळा लावला. सगळं धूसर होतं, कारण चाक त्यांच्या डोळ्यापुरतं लावलेलं होतं. ते फिरवायचं, थांबायचं, डोळा स्थिरावू द्यायचा, याला पाच मिनिटं लागतात. कन्या राशीतली ती दीर्घिका मी आधी सात-आठ वेळा काढली होती. एक लांबट डाग आणि चार ठिपके. मी आठवणीनं चार ठिपके काढले, कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "रोजचंच हाये."

"पाहिलं?"

"हो."

"रकाना?"

"नंतर भरते काका, पोरी थांबल्या हायेत."

"बरं," ते म्हणाले. मी एकेक पायरी गाळत खाली आले आणि वडा खाल्ला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. आमच्याकडे त्या दिवसांत गारपीट ठरलेलीच. दोन संध्याकाळी काळ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी काका स्वतः राजकमल चौकात जाऊन गिला वड्याचं पार्सल घेऊन आले आणि अंगणातूनच ओरडले, "सापडला! पोरी, तारा सापडला!"

परदेशातल्या कोणा हौशी माणसाला सापडला होता. त्याच दीर्घिकेत. चार ठिपक्यांच्या बाजूला पाचवा. मोबाइलवर आलेली बातमी ते मला चष्मा वरखाली करत वाचून दाखवत होते. बल्बवाल्याच जातीचा तारा, शिवाय जवळचा, अजून चढत होता. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा फुलला होता.

"काका, त्या दिवशी तुमाले दिसला होता?"

"दिसला होता."

"मंग कळवलं काहून नाही?"

"एका नजरेवर कसं कळवू?" ते म्हणाले आणि द्रोण माझ्यापुढं सरकवला. "खाय. गरम हाये तोवर खाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण समोर तो आनंदानं वडा खाणारा म्हातारा, इतकी वर्षं ज्या एका ठिपक्यासाठी गच्चीवर उभा राहिला तो ठिपका मी वड्यासाठी घालवला होता, हे कोणत्या तोंडानं सांगणार? लाज वाटली आणि भीतीही वाटली. खोली जाईल याची नाही, काका माझ्याशी बोलायचे थांबतील याची. मी वडा गिळला. त्याची चव आजही नकोशी वाटते. अमरावतीला जाऊन गिला वडा न खाणारी मी एकटीच असेन.

त्यानंतर परीक्षा आली, मग अकोल्याला शाळेत नोकरी लागली, मी निघाले. निघताना काकांनी विचारलं, "काही राहिलं तं नाही?" मी म्हटलं, "नाही काका."

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात आमचं घर. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. विश्व पसरतं हे फुग्यावर ठिपके काढून दाखवते, मुलं खूश होतात. फुटणाऱ्या ताऱ्यांचा भाग आला की मात्र मी भरभर पुढं जायचे. दिवाळीला फोन करायचे, काकूंशी लाडवांवर बोलायचे, आणि काका फोनवर आले की मला एकाएकी कामं आठवायची. अशी बारा वर्षं गेली. मी काही वाईट बाई नाही, पण त्या बारा वर्षांत मी भित्री होते, हे लिहून टाकते.

गेल्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. "तू ये वं. यायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळा चांगला झाला, पण माणूस बिघडला."

"काय झालं?"

"अव, तुमचा थो तारा नाही का, तुह्या वेळचा. थो म्हणे आता नमुन्याच्या पेटीत गेला. त्याच्यावरून लांबच्यांचं माप बसवून राहिलेत. ताऱ्यायवर संशोधन करणारे शिकलेले पोरं साऱ्यायले जुन्या नोंदी मागून राहिलेत, चढतीच्या. यायची नोंद थो तारा सापडल्याच्या तीन दिवस आधीची हाये, कोणाजवळच नाही एवढी आधीची. अन् हे पाठवत नाहीत! म्हणतेत, रकाना रिकामा हाये. मी म्हटलं आना, मी भरून देतो, तं माह्यावर असे खेकसले का बाप्पा! पंधरा दिवसांत पाठवायचं हाये, त्यातले दहा गेले."

रकाना रिकामा. माझ्या हातातला फोन गरम झाला. मला इतकी वर्षं वाटत होतं की तिथं 'दिसला नाही' असं लिहिलेलं असेल.

रविवारी एसटी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवली, बडनेरा येईपर्यंत सगळी मोडली. गल्ली ओळखू येईना इतकी घरं झाली होती, पण दिव्यावरची टोपी तशीच होती, गंजलेली. काका पडवीत काळा चष्मा लावून बसले होते. मांडीवर रजिस्टर.

"कोण, अकोलेवाली?" ते म्हणाले. "पाय बाप्पा, एक डोळा नवा झाला तं साऱ्या जगाची ग्रेड बदलली. इतकी वर्षं मी पिवळ्या काचीतून पाहून राहिलो होतो. आता भिंत पांढरी दिसते, पायजमा पांढरा दिसते, तुही काकू पण..."

"माही ग्रेड नोका सांगू," काकू आतून म्हणाल्या.

मला हसू यायच्या ऐवजी रडूच आलं. जुळवलेलं काहीच तोंडात राहिलं नाही. मी तिथंच जमिनीवर बसले आणि म्हटलं, "काका, मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. आठवणीनं ठिपके काढले अन् खाली पळाली. तुमचा तारा मी घालवला."

"मालूम हाये," काका म्हणाले.

"कसं?"

"तुया नंबर वजा चार. चाक होतं माह्या डोळ्याले लावेल. तू खाली गेल्यावर मी परत डोळा लावला, तं जसंच्या तसं. केसभर हललं नव्हतं. वजा चारच्या माणसाले चाक न फिरवता पुनवेचा चंद्र धड दिसत नाही, तुले चार ठिपके कसे दिसतीन?"

म्हणजे वड्याचा द्रोण माझ्यापुढं सरकवला तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "मंग मले परत काहून नाही बोलावलं? काकू मोझरीले होत्या, दुर्बिणीत पाह्याले शिकेल दुसरं कोणी नव्हतं. एक हाक मारली असती."

"अन् काय म्हणलं असतं? नीट पाह्य म्हणून? नीट पाह्य म्हणलं का तुले कळलं असतं, तठी काहीतरी हाये. मंग थे तुही नजर राहिली असती का? माहीच झाली असती. थो केंद्रावरचा पोरगा माह्या कागदात पाहून लिहे, तसंच." त्यांनी मांडीवरचं रजिस्टर सरळ केलं. "वाईट वाटलं मले. खोटं नाही सांगत. लय वाईट वाटलं. दोन राती झोप नाही आली."

हे ऐकलं आणि मला खरंच मोकळं वाटलं. त्यांना काहीच वाटलं नाही असं ते म्हणाले असते, तर मी ते घेऊन परत अकोल्याला गेले असते आणि आणखी बारा वर्षं काढली असती.

"मंग बोलले काहून नाही मले? रकान्यात तुमीच लिहून टाकायचं, पोरीनं पाहिलं नाही म्हणून."

"दुसऱ्याच्या रकान्यात मी लिहीत नाही. तुह्या हाताची वाट पाहिली."

"बारा वर्षं?"

"त्या ताऱ्याचा उजेड इथं याले कोट्यवधी वर्षं लागले. तू बारा वर्षाचं काय घेऊन बसली?"

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढं ठेवलं. पान त्यांना शोधावं लागलं नाही. पहिल्या नजरेच्या रकान्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात तारीख, वेळ, आणि उजेड, दोन नेहमीच्या ताऱ्यांच्या मधला. शेजारचा रकाना कोरा. पानात माझा चार ठिपक्यांचा कागद घडी घालून ठेवलेला होता, चिकटवलेला नव्हता. मी पेन काढलं. अक्षर नीट काढलं. 'दुसरी नजर: पाहिलं नाही.' खाली सही केली, आणि आजची तारीख टाकली.

काकांनी काकूंना बोलावून ते मोठ्यानं वाचून घेतलं. मग म्हणाले, "झाली नोंद पुरी. आता पाठव."

मी पानाचा फोटो काढला, काकांनी सांगितलेल्या पत्त्यावर पत्र लिहिलं. लिहिताना म्हटलं, "काका, एकाच नजरेची नोंद म्हणून याचं वजन कमी धरतीन."

"धरू दे ना. रिकामा रकाना म्हणजे लपवलेला माल. हे कमी वजनाचं असन, पण खरं हाये."

पत्र गेलं. काकूंनी चहा आणला. काकांनी एक घोट घेतला, कालच्याहून उजवा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. काळा चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नंबर काय झाला वं आता?"

"साडेचार."

"तिरपा?"

"नाही."

"मंग ठीक." ते भिंत धरून उठले. "चाल वर. अंधार पडून राहिला."

जिना आम्ही हळूहळू चढलो, ते पुढं, मी मागं, त्यांच्या कोपराला हात लावून. पोपटी नळी अजून तिथंच होती, रंग जागोजाग उडालेला. काकांनी नव्या डोळ्यानं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग बाजूला झाले, कार्ड झाकलं आणि दोन्ही हात बंडीच्या खिशात घालून कठड्याशी जाऊन उभे राहिले.

मी चष्मा काढून डोक्यावर खोचला, डोळा लावला आणि चाक फिरवत राहिले, एकेक ठिपका बारीक होईपर्यंत. खालून काकू जेवायला हाका मारत होत्या. दिसले तेवढे ठिपके मी कागदावर काढले, आणि जिना उतरायच्या आधी माझा रकाना भरला.